साखर चिकटत नाही, जळते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्वादुपिंड साखर कशी ओळखतं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पेशीवर रिसेप्टर असतो, साखर त्याला चिकटली की इन्सुलिन सुटतं, एवढं बारावीच्या पोरालाही ठाऊक असतं. कळत नाही त्यात लुडबुड कशाला?" पुढे जीएलपी-१ (आतड्यातलं एक हॉर्मोन), फ्रुक्टोज आणि माझं शुद्धलेखन यांवरून टोमणे.

'लुडबुड' हा शब्द लागला. बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. त्यांना काय ठाऊक असतं ते मला सांगू नका. चूक जरूर दाखवा, पण कुणाची लायकी काढायची तर निदान स्वतःचं नाव तरी खाली घाला.

आता ते वाक्य. रिसेप्टरला चिकटून निरोप देणं ही ॲड्रेनलिनची रीत. ग्लुकोज स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच्या आत शिरतं, ग्लुकोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं, मग ते जळतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं. एटीपी वाढलं की पेशीच्या पटलावरचे पोटॅशियमचे चॅनल, म्हणजे त्याची दारं, मिटतात, पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या पुटिका (इवल्या पिशव्या) बाहेर रित्या होतात. ग्लुकोजने हे चॅनल मिटतात हे १९८४ सालीच दाखवलं गेलंय. मॅनोहेप्ट्युलोज नावाची वेगळी साखर घालून ग्लुकोकायनेजचं काम अडवलं, तर बाहेर ग्लुकोज असूनही इन्सुलिन दबतं. नुसतं चिकटून भागत असतं तर असं का व्हावं? गोड चवीचे रिसेप्टर बीटा पेशींवर सापडलेत, तेही मला माहीत आहे. मुख्य रस्ता तो नव्हे.

माझ्या आईला मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइडची गोळी चालू होती. एका एकादशीला तिने कडक उपास केला आणि गोळी मात्र घेतली. पहाटे पाहतो तर पदर घामाने चिंब, हात थरथरतायत, मला ओळखेना. मीटरवर साखर ४१, फारच कमी. ही गोळी तेच पोटॅशियमचे चॅनल थेट मिटवते. साखर उतरली तरी इन्सुलिन सुटतच राहिलं. तुमच्या हिशेबाने ते आलं कुठून, सांगाल?

जीएलपी-१वर दोन ओळी हव्या होत्या, मान्य. तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर तोंडाने घेतल्यापेक्षा इन्सुलिन कमी सुटतं. हा फरक आतड्यातल्या अशा हॉर्मोन्समुळे पडतो. लेखात भर घालतो. जीएलपी-१ मात्र खरोखर रिसेप्टरलाच चिकटतं. तुमची गल्लत बहुधा तिथेच झाली. फ्रुक्टोजचा इथे संबंध नाही. शुद्धलेखनाचं राहू द्या.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, पण तिच्याखाली हे उत्तर राहील. ही गोळी घेणारे कितीतरी जण इथे वाचतात. साखरेशिवाय इन्सुलिन सुटतच नाही, असं तुमच्या भरवशावर धरून त्यातलं कुणी उपाशीपोटी गोळी घेतली तर? उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते त्यांनी आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावं.