'दोन माणसं नुसती बोलत बसतात': एका प्रतिक्रियेला उत्तर

शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली गुप्तहेरकथांवर दूरदर्शनने केलेल्या 'ब्योमकेश बक्षी' या मालिकेवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. ती इथेच देतो, म्हणजे कुणाला शोधत बसायला नको.

"काका, हा लेख नाही, नव्वदच्या दशकाचं श्राद्ध आहे. दोन माणसं एका खोलीत चहा पीत नुसती बोलत बसतात, याला रूपांतर म्हणत नाहीत. कलकत्ता कुठेच दिसत नाही. भिंती पुठ्ठ्याच्या. सत्यवतीला चहाचा ट्रे आणण्यापलीकडे काम नाही. मूळ बंगालीतली चार पानं वाचली असतीत तर इतकं भाबडं लिहिलं नसतंत."

आधी सुराबद्दल बोलतो. मतभेद असावेत, माझ्या प्रत्येक लेखाखाली ते असतात आणि त्यांतले बरेच मला पटतातही. पण ज्याला आपण ओळखत नाही त्याला पहिल्याच वाक्यात 'काका' म्हणायचं, दुसऱ्या ओळीत त्याच्या लिखाणाचं श्राद्ध घालायचं आणि शेवटी त्याने मूळ वाचलेलंच नाही असं गृहीत धरून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? तुमचा मुद्दा खरा असता तरी मला तो या सुरात ऐकायला आवडला नसता. माझ्या वयाचा आणि मालिकेच्या दर्जाचा संबंध काय, तेही तुम्ही सांगितलेलं नाही.

आता त्या 'चार पानां'बद्दल. मी बँकेत होतो. बदलीवर कलकत्त्याला गेलो तेव्हा सियालदहजवळच्या एका मेसमध्ये, म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय असलेल्या घरात, राहिलो. तिथल्या मॅनेजरबाबूंनी मला बंगाली अक्षरं गिरवायला लावली आणि वाचता येऊ लागल्यावर कॉलेज स्ट्रीटवरून मी पहिलं पुस्तक घेतलं ते 'ब्योमकेश समग्र'. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, अडलं तिथे जेवणाच्या पंगतीत विचारलं. त्या पंगतीत जिल्ह्या-जिल्ह्यांतून आलेले कारकून, शिक्षक, औषधविक्रेते असत. शनिवारी मेस अर्धी रिकामी व्हायची, कारण माणसं गावी जायची. 'सत्यान्वेषी' या कथेत ब्योमकेश अतुल हे खोटं नाव घेऊन, पुढे त्याचा मित्र होणाऱ्या अजितच्या खोलीत येऊन राहतो, तो अशाच एका मेसमध्ये. तिथे सगळं कळतं ते बोलण्यातूनच. कोण कुठला, कुणाकडे पैसा आहे, कोण रात्री उशिरा येतो, हे सगळं जिन्यात आणि पानावर बसल्यावर कानावर पडतं. हे मी जगलो आहे. तुम्ही तुमच्या फोनवर ही मालिका किती वेगाने पळवत पाहिलीत, ते मला माहीत नाही.

म्हणून तुमच्या त्या एका वाक्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. दोन माणसं एका खोलीत बोलत बसतात. हो, बसतात, कारण शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी त्यांना तिथेच बसवलं आहे. 'माकडसार रस' ही कथा घ्या. एका म्हाताऱ्याला विषारी कोळ्याच्या रसाचं व्यसन आहे. घरच्यांनी कडेकोट पहारा ठेवला आहे, तरी रस त्याच्यापर्यंत पोहोचतो. ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून त्या घरात जातो अजित. तो जे पाहतो ते परत येऊन सांगतो आणि ब्योमकेश ते ऐकून कोडं सोडवतो. सगळी मजा या सांगण्या-ऐकण्यात आहे. अजित लेखक आहे, त्याला माणसं दिसतात. पण त्यातलं नेमकं काय महत्त्वाचं, हे ब्योमकेशला ऐकू येतं. आता यात तुम्हाला पाठलाग कुठे घालायचा होता?

'पथेर काँटा' ही १९३२ सालची कथा. तिची सुरुवात वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीच्या चर्चेने होते. ब्योमकेश बातम्यांपेक्षा जाहिराती मन लावून वाचतो, कारण माणसं आपली गरज तिथे लिहितात असं त्याचं म्हणणं. शहरात ग्रामोफोनच्या पिनांनी खून पडत असतात आणि इथे दोघं मित्र एका छोट्या जाहिरातीवर वाद घालत असतात. हा वाद घाईने उरकला असता तर पुढचा उलगडा फुकट गेला असता. मालिकेत रजित कपूरने ऐकतानाचा ब्योमकेश जसा केला आहे, मान जराशी कलती, डोळे समोरच्याच्या हातांवर, तसा मला मूळ कथा वाचतानाही दिसत होता. आणि के. के. रैनांचा अजित बावळट नाही. गुप्तहेराच्या मित्राला विदूषक करण्याची वाईट खोड पडद्याला आहे. इथे तो स्वाभिमानी, कधी रुसणारा, शहाणा माणूस राहिला.

मालिकेचे दिग्दर्शक बासू चटर्जी यांना चौकटीबाहेर जाता येत नव्हतं, असं तुम्हाला सुचवायचं असेल तर त्यांचा १९८६चा 'एक रुका हुआ फैसला' पाहा. बारा माणसं, एक बंद खोली, आणि फक्त बोलणं. त्यात सगळ्यांच्या विरोधात एकटा उभा राहणारा माणूस म्हणजे हेच के. के. रैना. खोलीतलं बोलणं कसं तापवायचं हे ज्याने असं दाखवलं होतं, त्याने १९९३मध्ये या मालिकेत समजून-उमजून ती पद्धत घेतली. संथपणा हा इथे निर्णय आहे.

कलकत्ता दिसत नाही म्हणता. शरदिंदुबाबू १९३८मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२पासून पुण्यात राहिले. म्हणजे 'आदिम रिपु', 'बह्निपतंग' यांच्यासारख्या उत्तरार्धातल्या कथा लिहिल्या गेल्या तेव्हा लेखक पुणेकर होता. 'शैलरहस्य'मध्ये तर ब्योमकेश महाबळेश्वरला येतो आणि अजितला पत्रं लिहितो. ट्राम आणि हावडा पूल दाखवला की कलकत्ता झाला, असं या लेखकाने कधी मानलं नाही. त्याचा कलकत्ता कुटुंबांत आहे: मृत्युपत्रांत, पुतण्यांच्या भांडणांत, बंद खोलीतल्या आजारी म्हाताऱ्यांत. तो मालिकेत पुरेपूर आहे. २०१५च्या दिबाकर बॅनर्जींच्या चित्रपटात महायुद्धाच्या काळातलं शहर फार मेहनतीने उभं केलं होतं, ते मला आवडलंही. पण त्यातला ब्योमकेश मला ओळखू आला नाही.

भिंतींचं मान्य. प्रकाश सपाट आहे, श्रीमंतांचे दिवाणखाने एकमेकांसारखे दिसतात, आणि आज उपलब्ध असलेल्या प्रतींत ते आणखी खटकतं. हे मूळ लेखात लिहिलं असतं तरी माझं मत बदललं नसतं.

सत्यवतीबद्दल, म्हणजे ब्योमकेशच्या बायकोबद्दल, तुम्ही एक ओळ लिहिलीत, मीही एकच लिहितो. सुकन्या कुलकर्णींनी मिळालेल्या जागेत जे केलं ते ट्रेपेक्षा खूप जास्त आहे, आणि हे मी त्या आपल्या म्हणून म्हणत नाही. बाकी जागा किती मिळाली, हा प्रश्न आजच्या लेखाचा नाही.

श्राद्धाबद्दल मात्र बोलतो, कारण ते मला लागलं आहे. सांगलीला आमच्या घरात ही मालिका वडील, मी आणि शेजारचे एक निवृत्त फौजदार असे मिळून पाहायचो. फौजदारसाहेब मधेच म्हणायचे, "याला आत्ता पकडू नका, बोलू द्या." आयुष्यभर चौकश्या केलेल्या माणसाला जे पटत होतं, त्याला तुम्ही तीन शब्दांत निकालात काढता. त्या आठवणीमुळे मला मालिका आवडते असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मी ती नंतर, मूळ कथा हाताशी ठेवून, भाग-भाग लावून पाहिली आहे आणि माझा लेख त्या वाचनावर उभा आहे.

तुम्ही मूळ बंगाली वाचलं असेल तर कुठल्या कथेत मालिका घसरली ते नाव घेऊन सांगा. प्रसंग सांगा, मूळात काय आहे आणि पडद्यावर काय झालं ते सांगा. त्यावर मी रात्रभर बोलायला तयार आहे. वाचलं नसेल तर 'माकडसार रस'पासून सुरुवात करा. छोटी कथा आहे, अनुवादातही चालेल. मग तो भाग पाहा, न पळवता. आणि पुढच्या वेळी 'काका' वगळा.