रोम म्हणजे किल्ला नव्हे, नदीचा उतार

रोमच्या जन्माबद्दलचा एक मजकूर इतिहासप्रेमींच्या गटांत पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: आल्प्स आणि समुद्र यांच्या आड, सात टेकड्यांवरच्या सुरक्षित जागी एका लॅटिन जमातीने इ.स.पू. ७५३ मध्ये रोम वसवलं. मधे काही काळ परदेशातून आलेल्या एट्रुस्कनांनी (रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या लोकांनी) तिथे राज्य केलं. त्यांना हाकलल्यावर रोमनांनी लिपीपासून देवांपर्यंत सगळं थेट ग्रीकांकडून उचललं. वाचायला सोपं आहे, म्हणूनच पसरतं. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तपासून पाहावी लागते.

आधी आल्प्सची भिंत. ती ओलांडून उत्तर इटलीत स्थिरावलेल्या गॉल टोळ्यांनी रोमनांच्या गणनेनुसार इ.स.पू. ३९० मध्ये आलिया ओढ्याकाठी रोमन सैन्य मोडलं आणि शहर लुटलं. इ.स.पू. २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्तींसकट तीच भिंत चढून उतरला. समुद्रानेही कुणाला अडवलं नाही. एल्बा बेटावरच्या आणि एट्रुस्कन प्रदेशातल्या धातूंच्या ओढीने ग्रीक लोक इ.स.पू. आठव्या शतकात नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर येऊन राहिले होते.

टेकड्यांचं महत्त्व मी नाकारत नाही. पॅलाटाइन टेकडीवर १९४८ मध्ये कुडाच्या झोपड्यांच्या खांबांचे खळगे सापडले, म्हणजे वस्ती उंचावरच होती. पण टेकड्या आजूबाजूलाही भरपूर होत्या. या जागेचं वेगळेपण खाली नदीत आहे. मुखापासून साधारण २५ किलोमीटर आत टायबरच्या पात्रात एक बेट आहे आणि त्याच्या आसपास नदी ओलांडता येत असे, म्हणजे तिथे नदीला उतार होता. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारे लोक इथेच नदी पार करत. मुखाजवळच्या मिठागरांतलं मीठ इथूनच डोंगराकडे जाई. पुढच्या काळात त्या वाटेला ‘मिठाची वाट’ अशा अर्थाचंच नाव मिळालं, ‘व्हिया सालारिया’. उताराच्या काठी गुरांचा बाजार भरे आणि तिथल्या उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकातली ग्रीक भांड्यांची खापरंही मिळाली आहेत. जागा लपण्यासाठी निवडली असती, तर वाहत्या वाटेवर कुणी घर बांधलं नसतं.

शिवाय ही जागा आयती चांगली नव्हती. टेकड्यांमधला सखल भाग पुराच्या पाण्याखाली जाई. फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, उभारण्यासाठी इ.स.पू. सातव्या शतकात तिथे मातीची प्रचंड भर टाकावी लागली, पाणी काढून द्यावं लागलं. भूगोलाने अडचण दिली आणि ती सोडवायला टेकड्यांवरच्या वस्त्यांना एकत्र यावं लागलं. मला तर शहराचा खरा जन्म या भरावात दिसतो. ७५३ हे वर्ष रोमन विद्वान व्हॅरोने इ.स.पू. पहिल्या शतकात मांडलेल्या गणिताचं आहे. फोरमच्या जागेतली सर्वात जुनी थडगी त्याहून कितीतरी आधीची आहेत.

‘एक लॅटिन जमात’ या दाव्याला तर लॅटिन भाषाच खोडून काढते. संस्कृत ‘जीव’ला लॅटिनमध्ये ‘विवुस’ म्हणतात. मुळातल्या एका जुन्या ध्वनीचा लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘व’ होतो. त्या न्यायाने ‘गो’च्या नात्यातला लॅटिन शब्दही ‘व’ने सुरू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो ‘बोस’ आहे. ‘ब’ करण्याची सवय सॅबाइन या रोमच्या शेजारच्या जमातीच्या आणि तिच्या डोंगराळ शेजाऱ्यांच्या बोलींची. रोजच्या गाईबैलाचं नाव शेजाऱ्यांकडून आलं, यापेक्षा जवळचा पुरावा कोणता हवा?

एट्रुस्कनांना परदेशी म्हणण्याची परंपरा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसपासूनची. त्यांची भाषा लॅटिनच्या कुळातली नव्हती, हे खरं. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात ते शेजारच्या लॅटिनांसारखेच निघाले. वेई हे त्यांचं मोठं शहर रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर होतं. इतक्या जवळच्यांची सत्ता कधी आली, कधी गेली, यावरून संबंध मोजता येत नाहीत.

राहिली लिपी. ती ग्रीकांचीच, पण एट्रुस्कनांच्या हातून आली, आणि त्या हाताचा ठसा आजही दिसतो. ग्रीकांचं तिसरं अक्षर गॅमा, उच्चार ‘ग’. एट्रुस्कन भाषेत ‘क’ आणि ‘ग’ हा भेद नव्हता, म्हणून त्यांच्याकडे ते ‘क’ झालं आणि तसंच रोमला पोचलं. तेच आजचं ‘सी’. ‘ग’साठी ‘जी’ हे वेगळं अक्षर इ.स.पू. तिसऱ्या शतकात घडवावं लागलं. तरीही गायस हे नाव रोमन लोक संक्षेपात ‘सी’नेच लिहीत राहिले. थेट ग्रीकांकडून घेतलं असतं, तर हा घोळ झालाच नसता.

आपण मिश्र आहोत हे रोमनांना स्वतःला ठाऊक होतं. इ.स. ४८ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून सम्राट क्लॉडियसने भाषण केलं, तेव्हा त्याने जुने राजेच पुढे केले: नुमा सॅबाइन होता आणि पहिल्या टार्क्विनचा बाप कोरिंथहून आलेला ग्रीक. क्लॉडियसचं स्वतःचं कुळही सॅबाइन प्रदेशातून आलेलं. हे भाषण कोरलेला कांस्यपत्रा १५२८ मध्ये फ्रान्समधल्या लियाँला सापडला आणि तो आजही तिथल्या संग्रहालयात आहे.