लाइव्ह सर्व्हरवर ‘रीलोड’ लावून ठेवा म्हणणाऱ्यांना

पायथनवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला अधूनमधून फॉरवर्ड होतो: ‘लाइव्ह सर्व्हरवर गुनिकॉर्नला रीलोड फ्लॅग लावून ठेवा. गिट पुल केलं की बदललेलं मॉड्यूल तेवढं आपोआप बदलतं. रिस्टार्ट नको, डाउनटाइम नाही. अर्लांगवाले हेच वर्षानुवर्षं करतायत.’ (गुनिकॉर्न म्हणजे पायथनची वेबसाइट चालवणारा सर्व्हर प्रोग्राम, रीलोड फ्लॅग म्हणजे कोड बदलला की तो पुन्हा लोड करण्याचा पर्याय, गिट पुल म्हणजे नवा कोड सर्व्हरवर ओढून आणणं, मॉड्यूल म्हणजे कोडची एक फाइल, आणि अर्लांग ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा.) ऐकायला छान वाटतं. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरतं.

‘मॉड्यूल तेवढं बदलतं.’ नाही बदलत. फाइल बदललेली दिसली की गुनिकॉर्न अख्खा वर्करच (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) बंद करून नवा उभा करतो. जँगो या पायथन फ्रेमवर्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर, रनसर्व्हर, तोही तसाच: आतली प्रोसेस 3 हा एक्झिट कोड देऊन थांबते, बाहेरची तिला पुन्हा सुरू करते. म्हणजे रिस्टार्ट होतोच, फक्त तुम्हाला न विचारता.

आणि असं आहे तेच बरं. चालू प्रोसेसमध्ये खरोखर मॉड्यूल बदलायचं तर पायथनच्याच इम्पोर्टलिब लायब्ररीचं रीलोड फंक्शन आहे, पण ते अर्धवट काम करतं. समजा ‘कर’ नावाच्या मॉड्यूलमध्ये ‘दर’ 12 होता, तुम्ही तो 5 केला (हो, पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात). बिलिंगच्या फाइलने वर ‘फ्रॉम कर इम्पोर्ट दर’ लिहिलंय. कर रीलोड केलं की कर.दर 5 सांगतो, पण बिलिंगकडे आधीच उचललेला 12 तसाच राहतो. जुन्या क्लासपासून बनलेले ऑब्जेक्टही जुन्याच क्लासला चिकटून राहतात. एररही येत नाही, नुसती बिलं चुकतात.

‘गिट पुल केलं की झालं.’ खरी गोम इथे आहे. गिट फायली एकेक करून लिहितो आणि रीलोडरला पहिली फाइल बदललेली दिसली तरी पुरतं. शेवटची फाइल यायच्या आत वर्कर उठला, तर त्याच्या हाती अर्धा नवा आणि अर्धा जुना कोड.

माझ्या एका जुन्या नोकरीत हा फ्लॅग लाइव्हवर होता. कुणीतरी थेट सर्व्हरवर एक ओळ बदलून ठेवली होती, म्हणून पुल होईना. मग स्टॅश (तो बदल बाजूला ठेवणं), पुल, स्टॅश पॉप (तो परत आणणं). दोन्ही बदलांचा कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे गिटला ते आपोआप जुळवता आले नाहीत, आणि व्ह्यूजच्या फाइलमध्ये सात कोनी कंस आणि ‘अपडेटेड अपस्ट्रीम’ अशी ओळ येऊन बसली. पायथनच्या दृष्टीने हा सिंटॅक्स एरर. रीलोड चालू असताना असा एरर आला, तर गुनिकॉर्न वर्कर मारत नाही, ट्रेसबॅकच (एरर कुठे झाला याचा तपशील) उत्तर म्हणून पाठवतो. त्यामुळे ग्राहकांना आमच्या फायलींचे पाथ ओळ क्रमांकासकट वाचायला मिळाले. फ्लॅग नसता तर वर्कर मेमरीतला जुना कोड चालवत राहिले असते आणि कॉन्फ्लिक्ट निवांत सोडवता आला असता.

‘डाउनटाइम नाही.’ नवा कोड डेटाबेसमध्ये नवा कॉलम मागतोय आणि तो बनवणारं मायग्रेशन अजून चाललेलं नाही, तेव्हा काय होतं ते करून बघा. डाउनटाइम टाळायला गुनिकॉर्नमध्ये वेगळी सोय आहेच. वर्कर सांभाळणाऱ्या मास्टर प्रोसेसला हप (HUP) सिग्नल द्या: नवे वर्कर उभे राहतात, जुने हातातल्या रिक्वेस्ट संपवून जातात, त्यासाठी त्यांना डिफॉल्ट 30 सेकंद मिळतात. प्रीलोड (मास्टरनेच कोड आधी लोड करून ठेवणं) चालू असेल तर मात्र हपने नवा कोड येत नाही, यात अनेक जण फसतात. आणि सिग्नल देण्याआधी कोड नीट इम्पोर्ट होतो का ते तपासा, कारण नवे वर्कर उठलेच नाहीत तर मास्टरही गाशा गुंडाळतो.

राहिलं अर्लांग. तिथे हॉट कोड लोडिंग (प्रोग्राम चालू असतानाच कोड बदलणं) खरंच आहे, पण ते भाषेच्या मुळातच आहे. एका मॉड्यूलच्या दोनच आवृत्त्या नांदतात, चालू आणि जुनी. तिसरी आणायची तर सर्वांत जुनी आधी पर्ज करावी, म्हणजे काढून टाकावी लागते आणि तिच्यात अडकलेल्या प्रोसेस मारल्या जातात. जुनी स्टेट (प्रोसेसकडचा चालू डेटा) नव्या साच्यात कशी बसवायची, हे सांगणारं फंक्शन तुम्हीच लिहायचं असतं. फाइल सेव्ह केली आणि झालं, असं तिथेही नाही.

लॅपटॉपवर मात्र रीलोड दिवसभर चालू असतो माझा. गुनिकॉर्नच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हा फ्लॅग डेव्हलपमेंटसाठीच आहे असं लिहिलंय.