कोरलला ऊन हवं हे खरं, पण तुमच्या खिडकीतलं नाही

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपवर आला. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, वाढवणाऱ्यांसाठी आहे तो. थोडक्यात असं की समुद्रात कुठे एलईडी असतात, कोरल उन्हातच वाढतं, मग महागडे लाईट कशाला, टँक खिडकीत ठेवा, बिल शून्य, रंग झकास, आणि इंडोनेशियात एका माणसाने हे कधीच करून दाखवलंय. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त वैताग येतो.

"समुद्रात ऊनच असतं." असतं ना, पण वरून येतं आणि पाण्यातून गाळून येतं. भर दुपारचं उघडं ऊन पार मीटरवर (शैवाल-वनस्पतींना वापरता येतो तो उजेड मोजणारं यंत्र) 2000 च्या आसपास जातं, आणि आपल्याला लागतं किती, तर झोआ-मश्रूमसारख्या मऊ, कमी उजेडाच्या कोरलला 50 ते 150, अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएसला, म्हणजे बारीक तोंडांच्या टणक कोरलला, 200 ते 350. खिडकीत जिथे उन्हाचा पट्टा पडतो तिथे हजाराच्या वर, आणि त्याच्या वीतभर मागे जेमतेम 30-40, बरं तो पट्टा सरकत राहतो तो वेगळाच. कोरलच्या आत जे झूझँथेली शैवाल असतं त्याला नव्या उजेडाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, इथे ते अर्ध्या तासात सावलीतून भट्टीत. उजेड पचवता आला नाही की आत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, मग कोरल ते शैवालच बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं.

आणि खिडकी कुठली हे फॉरवर्डवाला सांगतच नाही. दक्षिणेची असेल तर मुंबई-ठाण्यात डिसेंबरात दुपारी सूर्य 47 अंशांवर, ऊन थेट सोफ्यापर्यंत, पण मेमध्ये सूर्य डोक्यावर, छज्जा सगळं अडवतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात टँक अंधारात. पश्चिमेची असेल तर उलटं, संध्याकाळी 4 ला भाजून निघतं. पुढे जून ते सप्टेंबर ढगच, तेव्हा काय करणार, कोरलला चातुर्मास सांगणार?

"बिल शून्य." हे वाचून मला खरंच हसू आलं कारण मी हा शहाणपणा करून बसलोय. ठाण्यात पश्चिमेच्या खिडकीत 200 लिटरची टँक, आणि एप्रिलमध्ये थर्मामीटर 31, टॉर्च कोरल जो आक्रसला तो परत उघडलाच नाही. नंतर कागदावर हिशेब केला. काचेतून 250 वॅट उष्णता आत येते असं धरलं तरी तेवढं पाणी तासाला साधारण एक डिग्री चढतं, तीन तास ऊन म्हणजे 27 चं 30. मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आलाच. 300 वॅटचा चिलर 8 तास चालला तर दिवसाला 2.4 युनिट, आणि जो एलईडी वाचवला तो 100 वॅटचा, तेवढ्याच वेळात 0.8 युनिट. फुकटचं ऊन तिप्पट महाग पडलं की.

आता इंडोनेशियावाला. तो माणूस खरा आहे, जकार्ताचे ली चिन एंग, 1961 मध्ये त्यांनी आपली पद्धत लिहून छापली होती. लाइव्ह रॉक (जिवाणू-जीव वसलेले समुद्रातले दगड), समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे आणि ऊन. पण जकार्ता विषुववृत्ताच्या दक्षिणेला फक्त 6 अंशांवर, वर्षभर दिवस जवळपास सारखाच. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला 1987 मध्ये आख्खं रीफ, म्हणजे प्रवाळांची वसाहतच, उघड्या आभाळाखाली उभं केलं, पण त्यात पाणी किती, 25 लाख लिटर. एवढं पाणी सावकाश तापतं, आपली टँक चहासारखी तापते.

"उन्हाने शेवाळ होत नाही, अफवा आहे." इथे मी अर्धा त्याच्या बाजूने. शेवाळ नायट्रेट-फॉस्फेटवर पोसतं, नुसत्या उन्हाने येत नाही. पण ऊन बाजूने काचेवर येतं त्यामुळे खिडकीकडची काच दर दोन दिवसांनी घासावी लागते हे मी मनगटाने सांगतो.

रंगांचंही तसंच. उन्हात आठवड्यांनी रंगद्रव्यं छान भरतात, खोटं नाही, आणि वरून पाहिलं तर क्लॅम (रंगीत मोठा शिंपला) उन्हात काय दिसतो! पण आपण टँक समोरून बघतो, आणि तो निऑन हिरवा-केशरी म्हणजे निळ्या उजेडात कोरल चमकतं ते. पांढऱ्या उन्हात ती चमक बुडून जाते, तोच तुकडा तपकिरी दिसतो.

हौसच असेल तर गच्चीवर करा, वरून ऊन, शेडनेट, मोठा हौद, आणि पावसाळ्यासाठी लाईट तयार ठेवा. गोड्या पावसाने खारटपणा उतरतो, तेव्हा वर छप्परही लागेल.

आणि ते शेवटचं वाक्य, "कोकणात गेलात की एक तुकडा उचलून आणा, उन्हात आपोआप वाढतो", ते पुढे पाठवण्याआधी निदान खोडा तरी. दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत.