इंजिन घरी उघडायचं का, आणि मग मिस्त्रीचं काय?

आमच्या घरात सध्या एक वाद चाललाय आणि दोन्ही बाजू माझंच नाव पुढं करतायत, म्हणून लिहितोय. भाच्याच्या जुन्या पेट्रोल गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकणासारखं हेड यांच्यामधली सील) गेलंय. रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतं पण खाली एक थेंब पडत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि ऑईलचं झाकण उघडलं की आत ताकासारखा पांढरट थर. त्याला जुळे सोलापुरातल्या घराच्या अंगणात स्वतः इंजिन उघडायचंय. दाजी म्हणतात तुझा मामा ओहायोत स्वतः करतो कारण त्याला तिथली मजुरी परवडत नाही, इथं चौकाचौकात मिस्त्री असताना हा उद्योग कशाला. भाचा म्हणतो तिकडं लोक आपलं काम आपण करतात, आपल्याकडंच हात काळे करायची लाज.

दाजींचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरंय. इकडं अमेरिकेत गॅरेजची मजुरी बऱ्याच ठिकाणी तासाला १०० डॉलरच्या वर आहे, आणि हेड उतरवून परत बसवणं हे काही तासाभराचं काम नाही, त्यामुळं जुन्या गाडीला बिल गाडीच्या किमतीएवढं होतं. म्हणून लोक स्वतः उघडतात, मीही म्हणूनच उघडलं. यात लाज नसण्याचं कौतुक भाच्यानं फार करू नये. पण नुसती गरज होती म्हणून काम जमलं असंही नाही, आणि दाजी नेमकं तेवढंच सोडून देतात.

हेड बसवणं म्हणजे काय ते सांगतो. ब्लॉक पुष्कळदा बिडाचा असतो आणि हेड ॲल्युमिनियमचं, गाडी तापली की ॲल्युमिनियम जास्त फुगतं आणि हेड वाकतं. डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून सरळ पट्टी हेडवर आडवी-तिरकी ठेवायची, खालून फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं सरकवून बघायचं, बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलीमीटरपेक्षा जास्त फट निघाली की फेसिंग मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यावं लागतं. मग बोल्ट. मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं (बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा पाना) ठरलेल्या आकड्यापर्यंत, आणि कित्येक इंजिनांत त्यानंतर आणखी ९० अंश फिरवायचं. असले बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात, एकदा ताणले की परत वापरायचे नाहीत, नवेच घ्यायचे. टायमिंगच्या, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व यांचा मेळ दाखवणाऱ्या खुणा जुळवल्यावर इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा परत जुळतायत का बघायचं, कारण पुष्कळ इंजिनांत बेल्ट चुकला की व्हॉल्व पिस्टनवर आदळतात.

यातला प्रत्येक आकडा इंजिनागणिक वेगळा. मला ते सगळे मिळाले, लायब्ररीच्या कार्डावर दुरुस्तीची माहिती घरबसल्या वाचता येते, आणि टॉर्क पाना स्पेअर पार्टच्या दुकानातून डिपॉझिट भरून आणला, परत केला की पैसे परत. माझ्या हातात काही खास कसब होतं असं अजिबात नाही, आकडे होते.

सोलापूरचं उलटं आहे. ज्या गावात पूर्व भागात घरोघरी यंत्रमाग चालले, जिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, नुसत्या आवाजावरून मागात काय बिघडलंय ते सांगतो, तिथल्या हाताबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण आमचा मिस्त्री बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळतो, जुन्या इंजिनांवर ते चालून गेलं, आत्ताच्या इंजिनांवर नाही चालत, आणि त्यात मला त्याचा दोष दिसत नाही कारण आकडा त्याला कुणी दिलाच नाही. हे मी मनचं बोलत नाहीये. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला तो याचसाठी, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचू देत नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेतही हे आपोआप झालं नाही, मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून कंपन्यांना माहिती द्यायला लावली. आपल्याकडं केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. चांगलं केलं, पण विजापूर रोडवरच्या मिस्त्रीला टॉर्कचा आकडा मराठीत आणि मोबाईलवर मिळाला पाहिजे, वाद घालायचाच तर यासाठी घाला. आणि दाजी, मजुरी स्वस्त आहे हे आपण सोय म्हणून सांगतो, त्या माणसाच्या घरी ती सोय नसते.

तर माझं मत असं. इंजिन अंगणातच उघडा, पण मिस्त्रीला घरी बोलवा, पूर्ण हजेरी द्या, आणि भाच्यानं बाजूला उभं राहून पाने देत शिकावं. टॉर्क पाना आणि मॅन्युअलचे पैसे मी देतो, काम झालं की पाना मिस्त्रीकडंच राहू दे. उन्हाळ्यात मात्र नको, वाऱ्यानं धूळ उघड्या सिलिंडरमध्ये गेली की रिंग-पिस्टनचं काम वाढतं, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतली थंडी बरी. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी परत घालायचं नाही, क्षार बसून नळ्या बुजतात आणि ४३-४४ डिग्रीत गाडी पुन्हा तापणार, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. जुनं ऑईल गटारात सोडू नका. जुनं कूलंट तर उघड्यावर ठेवूच नका, गोडसर लागतं म्हणून गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, दोन्ही वेगवेगळ्या कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवा.