आधारचा फोटो बिनधास्त जातो, ई-वे बिल मात्र अडकतं!

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचा माल बनवणाऱ्या एका कंपनीची आयटी मी सांभाळतो. वरून आदेश आला की ग्राहकांची खासगी माहिती मेलमधून बाहेर जाता कामा नये, मोबाईलवरून तर मुळीच नाही. आदेश बरोबरच आहे. अनुदानाच्या फायलींसाठी शेतकऱ्यांचे सातबारे, आधार, पासबुकं आमच्याकडे येतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीला 250 कोटींपर्यंत दंड आहे. आणि दंड नसता तरी, शेतकऱ्याने विश्वासाने हातात दिलेला कागद सांभाळायलाच हवा. माझा राग नियम असण्यावर नाही, ते ज्या बेपर्वाईने लावलेत त्यावर आहे.

मेल तपासून अडवणारे हे नियम लिहिले बाहेरच्या सल्लागाराने, लॅपटॉपसमोर बसून. लॅपटॉपवर मेल लिहितानाच वर पट्टी येते की यात आधार नंबर दिसतोय, माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करतो. पण आमच्या फिल्डवरच्या पोरांकडे लॅपटॉप नाहीत हो! ती रावेर, यावल, चोपड्याच्या बांधावर उभी असतात, हातात स्वतःचा फोन, नेटवर्कची एक दांडी. फोनवरच्या कंपनीच्या मेल ॲपमध्ये पट्टी येतच नाही. पाठवा दाबलं की मेल सरळ सेंटमध्ये जाऊन बसतो. अडवला जातो तो पुढे, सर्व्हरवर. मग केव्हातरी इंग्रजीत एक लांबलचक मेल परत येतो, तो कोण वाचतो? मला फोन येतो, "मेल तं गयी भाऊ, मंग त्याले काबर भेटनी नही?" काय उत्तर देऊ मी त्याला?

आणि अडतं काय, ते बघा. आधार नंबर 12 आकडी. ई-वे बिलाचा, म्हणजे गाडीतल्या मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचा, नंबरही 12 आकडी! आधारचा शेवटचा आकडा तपासणीचा असतो, आधीच्या 11 आकड्यांवरून तो गणिताने काढतात. त्यामुळे कुठलाही भलता 12 आकडी नंबर त्या तपासणीत योगायोगाने पास व्हायची शक्यता दहात एक. म्हणूनच नुसत्या आकड्यांवर जायचं नसतं, आजूबाजूला आधारचा उल्लेख आहे का, हेही बघायचं असतं. ती अट या महाशयांनी काढून टाकली, "जास्त कडक" म्हणून. परिणाम काय? नळ्यांची गाडी बऱ्हाणपूरला निघायची, राज्याबाहेर 50,000 च्या वरचा माल म्हणजे ई-वे बिल लागणारच, आणि नेमका तोच मेल ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत पोचत नाही. ड्रायव्हर गेटवर, मे महिन्याचं जळगावचं ऊन, आणि मी मेल सर्व्हरचा कन्सोल उघडून कारण शोधतोय.

पॅनचंही तेच. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. हा साचा जीएसटी नंबरच्या पोटातच असतो: आधी महाराष्ट्राचा कोड 27, मग अख्खा पॅन, मग उरलेली तीन. आणि जीएसटी नंबर नसलेलं आमचं एक तरी बिल दाखवा! मागेपुढे दुसरं अक्षर किंवा आकडा नसेल तरच पॅन धरा, एवढी एक अट साच्यात घालायची होती. तीही घातली नाही.

आता ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप, ते आधार कार्ड कसं जातं? फोटो काढून! आमच्या नियमांना फोटोतलं काही वाचता येत नाही. त्यासाठी चित्रातली अक्षरं ओळखायची सोय वेगळी चालू करावी लागते, तिचे पैसे वेगळे, ते वरून मंजूर होत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याचं अख्खं कार्ड, फोटो, पत्ता, जन्मतारखेसकट, आरामात बाहेर. बिल मात्र आत! निदान शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा, असं मी वारंवार सांगितलं. ऐकतंय कोण?

फोनवरचा छळ आणखी वेगळा. मेलमधून शेतकऱ्याचा मोबाईल नंबर कॉपी करून डायलरमध्ये टाकायला गेलं की उमटतं, तुमच्या संस्थेचा डेटा इथे पेस्ट करता येणार नाही. अरे, दहा आकडे आहेत ते! ठरावीक अक्षरांपर्यंत कॉपी करू द्यायची सोय त्याच सेटिंगमध्ये आहे, तिथे शून्य ठेवलंय. पोरं कागदावर नंबर उतरवून घेतात. तिकडे फोनसोबत आलेल्या साध्या मेल ॲपमधून कंपनीचं खातं आजही उघडतं, आणि त्यातली फाईल थेट डाउनलोडमध्ये पडते. खरं भोक ते, आणि ते सताड उघडं. मी दाखवून दिलं तर म्हणे पुढच्या टप्प्यात बघू.

वर हुकूम, सगळ्यांचे फोन कंपनीच्या ताब्यात नोंदवा. फोन त्यांचा, रिचार्ज त्यांचा, त्यात पोराबाळांचे फोटो. अख्खा फोन पुसायची ताकद ते का देतील? कंपनीच्या ॲपपुरतं संरक्षण लावता येतं, माणूस सोडून गेला तर तेवढाच डेटा पुसता येतो. हे मी लेखी दिलंय.

या सगळ्याला कंटाळून पोरांनी काय केलं? सातबारे, आधार, पासबुकं सगळं व्हॉट्सॲपवर. तिथे ना नियम, ना नोंद. आधी निदान मेलमध्ये काय गेलं ते मला कळायचं, आता तेही नाही. आणि उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर कुणी भलतंच कर्ज उचललं, तर विचारणार मलाच.

सोमवारी मी तो आधारचा आणि पॅनचा नियम चाचणी मोडवर टाकतोय. पकडेल, नोंद ठेवेल, पण अडवणार नाही. अटी नीट घालून आठवडाभर खरी बिलं त्यातून जाऊ देईन, मगच अडवणं चालू. साधं मेल ॲप मात्र त्याच दिवशी बंद. सल्लागाराला विचारणार नाही. ज्याला ओरडायचंय त्याने जळगावला येऊन, गेटवर उभ्या गाडीच्या ड्रायव्हरसमोर ओरडावं.