चूल विझली होती, म्हणूनच लिहिलं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या गेटवर जे झालं त्यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. सकाळच्या पाळीला आत निघालेल्या एका कंत्राटी पोराला संपकऱ्यांनी अडवलं. त्याचा डबा रस्त्यावर पालथा केला, त्याच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, आणि मोबाईलवर काढलेला तो प्रकार संध्याकाळपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरला. संप रास्त आहे, पण हे चुकलं, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर 'एक कामगार' या नावाने मोठी प्रतिक्रिया आली आहे.

तुम्ही मला सात वेळा 'मॅडम' म्हटलंय. मोजलंय मी. ताई म्हणा, बाई म्हणा, नुसतं नाव घ्या, मला राग नाही. पण हे 'मॅडम' आदराचं नव्हे, ते हिणवायला वापरलंय, आणि ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. वाद घालायचा तर सरळ घाला. समोरच्याला आधी परकं ठरवायचं आणि मग 'परक्यांनी बोलू नये' म्हणायचं, ही कुठली रीत?

तुमचं एक वाक्य मात्र मी दोन दिवस विसरू शकले नाही. "मॅडम, तुमच्यासारख्यांच्या घरातली चूल संपामुळे कधी विझली नाही, म्हणून गेटवरच्या माणसांना वळण लावायला निघालात."

हे कशाच्या जोरावर लिहिलंत? एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. माझे वडील १९६८ला तिथे फिटर म्हणून लागले. किसननगरातल्या चाळीत आम्ही राहायचो, आणि पहिल्या पाळीचा भोंगा झाला की बाबा पायांत चपला सरकवत जिन्यावरून धावत सुटायचे. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला तेव्हा बाबांच्या कंपनीतल्या संपाला दोन महिने होऊन गेले होते. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, सगळ्यांचं लक्ष परळ-लालबागकडे गेलं. आमच्या गेटवरच्या चारशे माणसांना त्यानंतर कोण विचारणार? मी तेव्हा दहा वर्षांची होते. वाण्याने उधारी बंद केल्यावर आईने नौपाड्यात सोनाराकडे पाटल्या ठेवल्या. त्या परत आल्या नाहीत. हातात उरल्या त्या काचेच्या बांगड्या. ते हात रात्री अकरापर्यंत लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसायचे, त्या किणकिणीत आम्ही भावंडं झोपायचो.

आणि त्याच बांगड्या तुम्ही शिवी म्हणून वापरता. 'ही लढ्याची जुनी रीत आहे' म्हणता. जुनी असेल. पण पळपुटा म्हणजे बाई, हे तुम्ही ठरवलंत कधी? बाबांचा संप टिकला तो बांगड्या भरलेल्या हातांवर. मंडपात तुमच्यासाठी चहा-पोहे घेऊन येणाऱ्या बायकांच्या हातांत काय असतं, ते एकदा बघा.

आता जे मूळ लेखात लिहिलं नव्हतं ते सांगते, कारण माझं घर तुम्हीच मध्ये ओढलंत. आमच्या चाळीतले शेजारी, माझ्या मैत्रिणीचे वडील, चौथ्या महिन्यात कामावर गेले. तिसऱ्या रात्री त्यांच्या दारावर डांबराने 'संपफोड्या' लिहिलं गेलं. सकाळी मी मोरीत गेले तर बाबा रॉकेलमध्ये चिंधी बुडवून बोटं घासत होते. नखांच्या कडेचं काळं निघत नव्हतं. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते गृहस्थ का गेले होते, कर्ज होतं, आजारपण होतं, की मालकाचं आमिष होतं, मला आजही ठाऊक नाही. आमच्यापैकी कोणी विचारलंच नाही. मैत्रीण नळावर यायची बंद झाली, पुढच्या जूनमध्ये त्यांनी खोली विकली. दारावरची अक्षरं नव्या मालकाने दोन हात रंग मारूनही पावसाळ्यात वर यायची.

संप आणखी दोन महिने चालला आणि मोडला. एका माणसाच्या आत जाण्याने नाही मोडला. पण बाबा मरेपर्यंत चाळीतल्या त्या दारासमोरून जायचं टाळत, मागच्या जिन्याने उतरत. म्हणून त्या पोराच्या हातातल्या बांगड्या बघून मी लिहिलं. एसीत बसून नाही लिहिलं.

चूक असेल तिथे मान्य करते. मंडप रस्त्यात घातला होता असं मी लिहिलं, तो फुटपाथच्या आत होता आणि ट्रकना वाट मोकळी होती. ती ओळ बदलली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

बाकी रखडलेला करार, कंत्राटदाराची टक्केवारी, गेटवर आणलेले बाउन्सर, यावर तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. मालक वाईट वागतो हे मलाही दिसतं, त्यासाठी मला शिकवणी नको.

एक गोष्ट मात्र तुमच्याच फायद्याची म्हणून सांगते. संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा आपल्या राज्याचा १९७१चा कायदा बाबांच्या पिढीला तोंडपाठ होता. त्यात मालकाने करू नयेत अशा गोष्टींची यादी आहे, तशी संघटनांसाठीही आहे. संपात नसलेल्याला गेटवर अंगबळाने अडवणं त्या यादीत येतं, घेराव येतो, अधिकाऱ्यांच्या घरासमोरची निदर्शनंही येतात. औद्योगिक न्यायालयात मनाई हुकूम मागायला कंपनीच्या वकिलाला पुरावा लागतो. तो तुम्ही स्वतःच्या हाताने चित्रित करून, वर गाणं टाकून, त्याला पाठवून दिलात. याला लढा म्हणत असाल तर म्हणा.

परवा सकाळी मी गेटवर गेले होते. हो, उभी राहिले, तुम्ही म्हणालात तशी दोन तास. तो पोरगा आला नाही. शहापूरकडून पहाटेची लोकल पकडून यायचा, असं समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं. डब्यात काय होतं तेही सांगितलं, कारण सांडलेलं त्यानेच झाडून काढलं होतं. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. मंडपातल्या तुमच्या मंडळींच्या डब्यातही त्या दिवशी यापेक्षा वेगळं काही नसणार.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण यापुढे लिहायचं तर स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या बापाची काळी बोटं दाखवली, तुम्हाला नाव सांगायला काय हरकत आहे?